दारातलं घमेलं

चौसाळा,
चैत्र वद्य द्वितीया, शके १८४४

ती. सुंदरदादांस मंजुळेचा नमस्कार.

मामांच्या नावाने तुम्ही चालवता तो मोहताजखाना काल डोळ्यांनी पाहिला. मुंबईच्या पत्त्यावर मला लिहिताना तुम्ही त्याला 'निराधार म्हाताऱ्यांचे विश्रांतिस्थान' म्हटले होते. विश्रांती आहे खरी. मागच्या महिन्यात चौघांना कायमची मिळाली.

तुम्ही इथे शेवटचे कधी आलात कोण जाणे, म्हणून सांगते. बीडच्या रस्त्यालगतची ती जुनी सराई. जिथे पूर्वी व्यापाऱ्यांचे उंट बांधत, तिथे आता माणसे आहेत. मोठ्या ओवरीत पुरुष, मधल्या ओवरीत बायका, आणि टोकाच्या लहान खोलीत अगदी थकलेल्या सहा म्हाताऱ्या. सगळे मिळून सव्वीस. उंटांची व्यवस्था अधिक चांगली असावी.

कोठी सांभाळायला तुम्ही बंकट नावाचा जो गृहस्थ ठेवला आहे, तो दिवसातून तीनदा आंघोळ करतो आणि आपल्या तांब्यावर कोणाची सावली पडू देत नाही. अशा या सोवळ्या माणसाने माझ्यासमोर नाक शिंकरले, बोटे धोतराला पुसली आणि त्याच बोटांनी तो गूळ फोडून वाटायला बसला. मी विचारले, "चौघे कशाने गेले?" तर म्हणाला, "म्हातारी माणसं हायती बाईसाहेब, मरायचीच की. तुमी कावून तरास करून घेता?"

चौघेही रक्ती आवेने गेले. हे सांगायला डॉक्टर लागत नाही, अंथरुणे पाहिली की पुरे. आणि आव कशी फिरते तेही पहिल्याच सकाळी दिसले. गीताबाई नावाची जी बाई पुरुषांचे करते, तिने पंडित नावाच्या म्हाताऱ्याची घाण काढली, हात पदराला पुसले, आणि शेजारच्या शहादेवला भाकरी कुस्करून भरवू लागली. मी ओरडले तर ती माझ्याकडे अशी पाहू लागली, जणू मी तिच्याशी मराठीत बोललेच नाही. दुसरी बाई बायनाबाई. वंजाऱ्याची विधवा आहे, टोकाची खोली तिच्याकडे असते. ती बोलतच नाही. अडाणीपणाचे हे दोन प्रकार, एक तोंड उघडणारा आणि एक मिटलेला.

त्या टोकाच्या खोलीत आपली छबुबाई आहे. हे तुम्ही मला कळवले नव्हते. आई गेल्यावर मला, आणि मामी आजारी असताना तुम्हाला, जिने कडेवर वाढवले ती छबुबाई. तिला आता दिसत नाही. मी "कोण आहे ओळख" म्हटले, तर म्हणाली, "मंजे, लई उशीर केलास गं."

मुंबईच्या इस्पितळात मी तीन वर्षे शिकले. तिथे प्रत्येक दालनाच्या दाराशी पांढरे घमेले असे, त्यात जंतू मारणारे कार्बोलिकचे पाणी, शेजारी पंचा. आत जाताना आणि बाहेर येताना हात बुडवल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही. मला इथे तेच करायचे आहे. कार्बोलिकच्या सहा बाटल्या, तीन घमेली, साबण आणि जुन्या कापडाचे एक गाठोडे लगेच पाठवा.

मंजुळा


औरंगाबाद,
१४ खुर्दाद १३३१ फसली

चि. मंजुळेस सुंदररावाचे आशीर्वाद.

तुझे पत्र वाचले. वकिली सुरू करून मला सतरा वर्षे झाली, पण इतके आरोप एकाच कागदावर कोणी माझ्यावर केले नव्हते. मुंबईने तुला शुश्रूषा शिकवली की फिर्याद लिहायला, हे कळेना.

बंकट कसाही असो, इमानी आहे. गीताबाई आणि ती दुसरी या गावच्या बायका आहेत. त्यांच्याकडून मुंबईची अपेक्षा करणे म्हणजे बैलाने दस्तऐवज वाचावा असे म्हणणे. त्यांना समजावत बसू नकोस, हुकूम कर. या लोकांना हुकूमच कळतो.

बाटल्या दोन पाठवतो, घमेले एक आणि पंचा एक. तीन दारांना तीन घमेली कशाला? मधल्या दाराशी एक ठेव, सगळे तिथूनच जातात. साबण इथल्या दुकानात आला की बघू. कापडासाठी कोणाच्या लग्नाचा जुना शामियाना मिळाला तर सांगेन.

आता मुद्द्याचे ऐक. आषाढात जिल्ह्याचे अव्वल तालुकदारसाहेब मुआयन्याला, सगळी पाहणी करायला, येणार आहेत. वडिलांच्या नावाची शिळा त्यांच्या हस्ते बसवायची आहे. त्या दिवशी सराई चकचकीत दिसली पाहिजे, आणि कृपा करून त्या आठवड्यात कोणाला मरू देऊ नकोस. तुला बोलावले ते यासाठीच. मुंबईत शिकलेली बाई आमच्याकडे आहे, हे मी साहेबांच्या कानावर घातले आहे.

छबुबाई तिथे असल्याचे माझ्या ध्यानात नव्हते. तिला नमस्कार सांग. लहानपणी ती मला ज्या नावाने हाक मारायची ते चारचौघांत सांगू नको म्हणावे.

सुंदरराव


चौसाळा,
वैशाख शुद्ध त्रयोदशी, शके १८४४

ती. सुंदरदादांस,

तुमचा सल्ला मानला. समजावणे सोडले, हुकूम सुरू केला.

मधल्या दाराशी तिवईवर घमेले ठेवले आहे. नियम असा की आत-बाहेर करणाऱ्याने त्यात मनगटापर्यंत हात बुडवायचे आणि पंचाला पुसायचे. मी पहिले आठ दिवस दारात खुर्ची टाकून बसले. गीताबाई घमेल्यात बोटांची टोके अशी बुडवायची, जणू देवाला तीर्थ शिंपडते आहे. तिचे हात मी धरून दाबले. बंकट म्हणाला, "या पान्याला मेलेल्या जनावरावानी वास येतो." मी म्हटले, तो वास नाकाला नाही, अकलेला झोंबतो. आता तोही बुडवतो.

विहिरीने तळ दाखवला आहे. पोहऱ्यात अर्धे पाणी नि अर्धा गाळ येतो. त्यामुळे घमेल्यातले पाणी मी सकाळी एकदाच बदलते. बाटल्याही तुम्ही दोनच पाठवल्यात, म्हणून औषध थेंबांवर आणले आहे. पण वास येतो, आणि वास येतो तोवर गुण आहे असे मी धरते.

मी आल्यापासून दोघे गेले, पंडित आणि मधल्या ओवरीतली एक. ते आधीपासून आजारी होते, ते मी माझ्या खाती धरत नाही.

आता त्या बायनाबाईचे सांगते. सगळे वळले, ही वळली नाही. तोंडाने "हाय जी" म्हणायची आणि घमेल्याला वळसा घालून मागच्या दाराने जायची. परवा मी तिच्या मागोमाग गेले. मागे लिंबाखाली बसून ही बाई चुलीतल्या राखेने हात घासत होती आणि दुसऱ्या हाताने तांब्यातून वरून पाणी सोडत होती. राख! तीन वर्षे मी इस्पितळात जे शिकले, त्यावर हिची राख.

मी विचारले, "घमेल्यात काय विंचू आहे का?"

ती म्हणाली, "त्या ठिवलेल्या पान्यात हात घालाया माजं मन व्हत न्हाई, बाई."

"तुझं मन कोणी विचारलं? आणि विहीर आटलेली असताना तू तांब्याने पाणी सांडतेस?"

"माज्या वाटचं पेयाचं पानी हाय ते. मी कमी पिते."

अशा हट्टाला उत्तर नसते, जागा दाखवावी लागते. मी तिला टोकाच्या खोलीतून काढले आणि जात्यावर बसवले. आता ती दिवसभर दळते. ती खोली मीच घेतली. त्या खोलीत अजून एकही आजारी नाही. पूर्वेचा वारा थेट येतो, म्हणून असेल. बायनाबाईच्या हातात असूनही त्या सहाजणी टिकल्या हे त्यांचे नशीब.

छबुबाईला मी स्वतः भरवते. चमच्याने खात नाही, हातानेच लागते. काल पेज भरवताना म्हणाली, "मंजे, तुझ्या हाताला दवाखान्याचा वास येतो." मला बरे वाटले.

मंजुळा


औरंगाबाद,
९ तीर १३३१ फसली

चि. मंजुळेस आशीर्वाद.

शाबास. अखेर तुझ्यात आमच्या घराण्याचे रक्त दिसले. राखेची गोष्ट मी इथे वकिलांच्या बारमध्ये सांगितली, सगळे पोट धरून हसले. एक मित्र म्हणाला, पुढे ती बाई आजाऱ्यांना शेणाची गुटी देईल. तिला जात्यावर बसवलेस हे उत्तम केलेस. शिळेच्या दिवशी ती साहेबांच्या नजरेस पडू नये एवढे बघ.

आणखी बाटल्या मागू नकोस. औषध थेंबांनी पुरते हे तूच लिहिले आहेस.

एक सूचना. मृत्यूच्या वहीत 'आव', 'हगवण' असले शब्द लिहू नयेत. 'वार्धक्य' लिहावे. खोटे काहीच नाही त्यात, म्हातारे होतेच की.

शिळा तयार झाली. अक्षरे सुरेख आली आहेत.

सुंदरराव


चौसाळा,
ज्येष्ठ वद्य चतुर्दशी, शके १८४४

सुंदरदादा,

छबुबाई गेली. चार दिवसांपूर्वी, दुपारी. मधे दीड महिना तुम्हाला लिहिले नाही, कारण लिहिण्यासारखे काही माझ्या हातून होत नव्हते. आता लिहिते ते नीट वाचा, बारमध्ये सांगायला उपयोगी नाही.

मी टोकाची खोली घेतल्यावर महिन्याभराने तिथल्या एका म्हातारीला आव झाली. मग दुसरीला. मग छबुबाईला, आणि चौथीला. ज्या खोलीत वर्षभर कोणी आजारी पडले नव्हते, तिथे पंधरा दिवसांत सहांपैकी चौघी पडल्या. चौघीही गेल्या. मधल्या काळात मोठ्या ओवरीतलेही तिघे गेले, शहादेव त्यांतलाच. आधीचे दोन धरून मी आल्यापासून नऊ. मी येण्याच्या आधीच्या महिन्यात चार होते.

मी काय केले असेन असे तुम्हाला वाटते? आणखी ओरडले. गीताबाईला दिवसातून वीसदा हात बुडवायला लावले. बंकटलाही सोडले नाही. आणि स्वतः तर प्रत्येक म्हातारीला शिवण्याआधी घमेल्यापर्यंत जायची, हात बुडवायची, पुसायची आणि यायची. माझ्याइतके हात या सराईत कोणी धुतले नाहीत.

छबुबाईला तीन दिवस रक्त पडत होते. चौथ्या दिवशी तिने तोंड मिटून घेतले. मी पेज घेऊन बसले तर तिने माझा हात चाचपला, बाजूला केला आणि म्हणाली, "बायनीला बलव." मी म्हटले, "मी आहे ना." ती म्हणाली, "तू ऱ्हाव दे. तिला बलव." मी जात्याकडे जाऊन बायनाबाईला बोलावले. ती आधी मागे गेली, लिंबाखाली. मी दारात उभी राहून वाट पाहिली. छबुबाई जात होती आणि ही बाई हात धूत होती. माझ्या तोंडावर शिवी आली होती, दादा. मग ती आली, मांडी घातली, डोके मांडीवर घेतले. तिच्या हातून छबुबाईने दोन घोट पाणी घेतले. दुपारी गेली.

सगळे आटोपल्यावर मी बायनाबाईला म्हटले, "तू हात धुवायला गेलीस म्हणून उशीर झाला."

तिने माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे. भांड्यात मेलेली पाल सापडल्यावर बाई जशी पाहते तशी. मग माझ्या दंडाला धरून मला मधल्या दारापाशी घेऊन गेली. घमेल्यावर दुपारचे ऊन पडले होते.

"बगा," ती म्हणाली. "सकाळच्याला गीतीनं म्हाताऱ्याचं काढलं, हात हितं बुडिवले. मंग बंकटरावानं बुडिवले. मंग तुमी. मंग परत गीती. सगळ्यांचं हात धुतलेलं पानी हाय ह्यात. गीतीच्या हाताचं जे सुटलं, ते तुमी हाताला लावून घेतलं आन् छबुबाईच्या तोंडात घातलं. आन् ह्यो पंचा बगा. येकाच पंचाला बारा हात."

पाण्याला वास होता, पण नावालाच. तळाशी गाळ बसला होता, पिवळट. पंचा ओला होता आणि त्याला वास कार्बोलिकचा नव्हता.

"हे तू मला का नाही सांगितलंस?" मी विचारले.

"सांगत व्हते. तुमी जात्यावर बशिवलं."

मुंबईत घमेल्यातले पाणी तासातासाला बदलायचे, औषध मापाने पडायचे आणि पंचा एकदा वापरला की टोपलीत जायचा. ते सगळे करणारी माणसे वेगळी होती, मी त्यांच्याकडे कधी पाहिलेच नाही. मी फक्त घमेले पाहिले आणि घमेलेच उचलून इथे आणले. ते गाळाच्या पाण्याने भरले, दिवसभर तसेच ठेवले आणि सव्वीस म्हाताऱ्यांचा आजार त्यात मुरवला. वर खुर्ची टाकून पहारा दिला, की कोणी त्यातून सुटू नये. एकच सुटली होती. तिच्या खोलीत कोणी मेले नाही. तिला काढले आणि मी तिथे गेले.

दोन बाटल्या आणि एक घमेले पाठवणारे तुम्ही. ते पुरेल असे लिहिणारी मी. कोणाला जास्त तुच्छ मानावे, ठरत नाही. सध्या मलाच मानते.

वहीत नऊ वेळा 'रक्ती आव' लिहिले आहे, आणि खाली कारण.

मंजुळा


औरंगाबाद,
२४ अमर्दाद १३३१ फसली

मंजुळे,

तुझे पत्र वाचून फाडले. तूही माझे फाडावेस.

छबुबाई गेल्याचे वाईट वाटले. पण ती सत्तरीच्या पुढची, आंधळी होती. तू स्वतःला खुनी ठरवून तमाशा करते आहेस, त्याने ती परत येणार नाही. बायकांना दुःखातही नाटक लागते.

आता वकील म्हणून सांगतो. वहीचे ते पान काढ आणि नवे लिही. आणि ज्या बाईने हुकूम मोडला, मागच्या दाराने जा-ये केली, राख फासून आजाऱ्यांना हात लावला, तिच्याच हातून आजार पसरला हे उघड आहे. तिला आजच्या आज काढून टाक. कोणी विचारलेच तर बंकट तसे सांगेल, मी त्याला लिहिले आहे. एका वंजारणीचा शब्द आणि मुंबईच्या शिकलेल्या बाईचा शब्द, यांत तालुकदारसाहेब कोणाचा धरतील हे तुला कळत नसेल तर तुझे शिक्षण वाया गेले.

शिळेला बावीस दिवस राहिले आहेत.

सुंदरराव


चौसाळा,
आषाढ शुद्ध अष्टमी, शके १८४४

सुंदरराव,

पान काढले नाही. बायनाबाईला काढले नाही. घमेले काढले. मागचे पत्र तुम्हाला टाकले त्याच दिवशी ते मी सर्वांसमोर अंगणात पालथे केले आणि काय घडले ते सांगितले. 'माझ्या चुकीने' असे म्हटले. गीताबाई रडू लागली, बंकट जमिनीकडे पाहू लागला. बायनाबाईला मी हात जोडले, तर ती म्हणाली, "मला कशाला जोडता? मी काय मेले व्हय?" आणि राख चाळायला गेली. तिने मला माफ केलेले नाही. करावे असे मला वाटतही नाही.

आता सराईत तिचा हुकूम चालतो. तिन्ही दारांशी एकेक मडके टांगले आहे. बुडाला भोक आणि त्याला काडीचे बूच. बूच काढले की पाण्याची करंगळीएवढी धार पडते. राखेने घासायचे, धारेखाली धुवायचे, हात वाऱ्यावर वाळवायचे, पुसायचे नाहीत. धारेला घमेल्यापेक्षा कमी पाणी लागते, हेही मला तिनेच दाखवले. घाण काढणारी बाई भरवणार नाही आणि भरवणारी घाण काढणार नाही, हा नियम माझा. त्यावर ती म्हणाली, "ह्ये बराबर हाय." तीन महिन्यांत माझी एवढीच स्तुती झाली.

बंकट काल न धुता पिठाच्या डब्यात हात घालत होता. तिने त्याच्या मनगटावर उलथने मारले. आता त्याच्या तीन आंघोळींत एक हात धुणे वाढले आहे.

आठ दिवस झाले, नवा आजारी एकही नाही. पाऊस लागला आहे, विहिरीला पाणी आले आहे. त्याचेही श्रेय असेल. पण या वेळी वाऱ्याला श्रेय द्यायची माझी इच्छा नाही.

तुमचे पत्र फाडले नाही.

मंजुळा


औरंगाबाद,
२२ शहरेवार १३३१ फसली

मंजुळेस,

शिळा बसली. तू आजारी असल्याचे सांगून खोलीत बसून राहिलीस, हे एक शहाणपणाचे केलेस.

साहेब फार खूश झाले. अंगणातून आत जाताना त्या वंजारणीने माझी वाट अडवली. तालुकदारांसमोर. "हात धुवा, मंग आत." माझ्या वडिलांच्या नावाच्या सराईत, माझ्याच दारात! मला वाटले, आता जमीन दुभंगावी. पण साहेबांनीच हसत बाह्या वर केल्या आणि राख मागितली. मग मलाही हात पुढे करावे लागले. साहेबांनी विचारले, ही कल्पना कोणाची? मी म्हटले, आमच्या घराण्याची जुनी रीत आहे. त्यांनी ती टिपून घेतली, इतर ठिकाणी कळवणार म्हणतात. बाईचे नावही टिपले. त्यामुळे तिला आता काढता येत नाही, हे तुला ऐकून आनंद होईल.

तुला मात्र ठेवता येत नाही. गावभर स्वतःची चूक सांगत फिरणारी बाई संस्थेला परवडत नाही. माझ्याजवळ तुझे शेवटचे पत्र आहे आणि तुझ्याजवळ माझे, तेव्हा दोघांनीही गप्प राहावे हे बरे.

मी निर्दय नाही. सोबत प्रशस्तिपत्र जोडतो, मोहरेसह. त्यात लिहिले आहे की 'बाईंच्या दक्षतेने त्यांच्या कारकिर्दीत संसर्गाने एकही रुग्ण दगावला नाही.' हे दाखवलेस तर कुठल्याही इस्पितळात जागा मिळेल. आभार मानण्याची तसदी घेऊ नये.

सुंदरराव


परळी वैजनाथ,
भाद्रपद वद्य पंचमी, शके १८४४

सुंदरराव,

तुमच्या प्रशस्तिपत्राचा उपयोग झाला, म्हणून कळवते.

कागद जाड आहे आणि मागची बाजू कोरी होती. तिथे मी नऊ नावे लिहिली. पंडितापासून छबुबाईपर्यंत, प्रत्येकापुढे तिथी. खाली लिहिले, 'पुढच्या बाजूचा मजकूर खोटा आहे. हात माझे होते.' आणि सही केली. हाच कागद मी काम मागायला जाते तिथे देते. लोक आधी मोहर पाहतात, खुर्ची देतात, मग कागद उलटतात.

पहिल्या ठिकाणी मला लगेच उठवले. दुसऱ्या ठिकाणच्या बाईंनी कागद दोन बोटांत धरून परत केला आणि म्हणाल्या, "अहो, अशा गोष्टी होतातच, पण लिहून का ठेवायच्या?" मला तुमची आठवण झाली. त्यांना म्हटले, माझे एक मामेभाऊ आहेत, तुमचे आणि त्यांचे छान जमेल.

इथे परळीला एका आडत्याने थकल्या-आजारी यात्रेकरूंसाठी नवा दवाखाना काढला आहे. अकरा खाटा आहेत. डॉक्टर म्हातारे आहेत, बोलायला तुसडे. त्यांनी कागद दोन्ही बाजूंनी वाचला आणि चष्मा काढला.

"हे नऊ जण तुमच्या हातून गेले?"

"माझ्या हाताने चौघी. बाकीचे घमेल्याने. पण घमेले मीच ठेवले होते."

"मग पुन्हा हेच काम कशाला मागता? शिवणकाम करा."

मी म्हटले, "शिवणकाम मला येत नाही. हे येते असे वाटत होते, तेव्हा नऊ गेले. आता येत नाही हे कळले आहे. यापेक्षा चांगली अवस्था माझी कधी नव्हती."

ते हसले नाहीत. त्या नावांवरून बोट फिरवत शेवटपर्यंत गेले. मग विचारले, "ही छबुबाई कोण?"

"मला वाढवलेली बाई."

त्यांनी कागद घडी घालून आपल्या मेजाच्या खणात ठेवला. परत दिला नाही. उठून दालनाचे दार उघडले आणि म्हणाले, "अकरा खाटा आहेत, सात भरल्या आहेत. सुरुवात कुठून करणार?"

दाराशी पांढरे घमेले होते, दादा. अगदी तसेच. शेजारी पंचा. पूर्वीची मंजुळा ते दिसताच हुकूम सोडायला लागली असती, 'हे काढा, ते टांगा.' माझ्या तोंडावर तेच आले होते. ते गिळले.

मी म्हटले, "इथे पाणी कोण भरतं? आधी तिला भेटू द्या. तिला काय दिसतंय ते मला ऐकायचं आहे."

तिचे नाव केशरबाई. ती आत्ता घागर उतरवून माझ्यासमोर उभी आहे, आणि मी तिला बसायला सांगितले आहे. म्हणून हे पत्र इथेच सोडते.

मंजुळा